इतक्यात फॉरमॅट मारू देऊ नकोस

आधी एक काम कर. तो हार्डवेअरवाला पोरगा संध्याकाळी विंडोज टाकायला येणार आहे ना, त्याला फोन करून सांग, आज नको, लागलं तर मीच बोलावते. मग चहा टाक आणि दोन मिनिटं पंख्याखाली बस. तुझं ऑफिस काही बुडालेलं नाही. टॅलीचा डेटा होता तिथेच आहे, त्या कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर, म्हणजे तुमच्या सर्व्हरवर. नव्या कॉम्प्युटरला तिथवर जाता येत नाहीये, इतकंच झालंय. एवढ्यासाठी फॉरमॅट मारायचा नसतो गं. नवं विंडोज टाकलं तरी ते याच अडचणीपाशी येऊन उभं राहील. वर डिजिटल सिग्नेचरचे ड्रायव्हर, मराठीचे फॉन्ट, प्रिंटर, सगळं पुन्हा बसवत बसशील आणि जीएसटीच्या थ्री-बीची २० तारीख तोंडावर.

तुला खरं वाईट कशाचं वाटलं ते मला माहितीये. सर्व्हरपेक्षा ‘मॅडम, ते टेक्निकल आहे, तुम्हाला नाही समजणार’ हे त्या पोराचं वाक्य जास्त लागलं. दालमिलच्या हिशेबाला मी बसले तेव्हा मलाही असंच ऐकवायचे. आता तिथे कुणाचं शेअरिंग गेलं की आधी माझ्या टेबलाशी येतात. यात फार अक्कल लागते असं नाही गं, क्रम लागतो. तो पोरगाही काही वाईट नाही, त्याला दिवसात दहा ठिकाणी जायचं असतं. फॉरमॅट मारणं त्याला सोपं पडतं, शोधत बसणं परवडत नाही. तुला मात्र परवडतं, कारण ऑफिस तुझं आहे.

मी समोर असते तर हात धरून दाखवलं असतं. पण जळगावहून एरंडोल-पारोळा करत धुळ्याला यायचं म्हणजे नव्वदेक किलोमीटर, आणि या मे महिन्याच्या उन्हात एसटीची खिडकीसुद्धा हात लावू देत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते. एकेक करत जा, मधलं गाळू नकोस.

‘नव्यावर नेट तर झकास चालतंय, मग नेटवर्क कसं बिघडेल?’ असं तू विचारलंस. सगळे इथेच फसतात. नेट चालतं म्हणजे तुझा कॉम्प्युटर राउटरपर्यंत पोहोचतो आणि राउटर बाहेर पोहोचतो. शेजारच्या टेबलापर्यंत पोहोचतो की नाही, हा प्रश्नच वेगळा. जीएसटीचं पोर्टल फटकन उघडतं आणि दोन हातांवरचा सर्व्हर सापडत नाही, असं अगदी होऊ शकतं.

तेव्हा आधी आकडे. एक नवी वही काढ. प्रत्येक कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाब, सीएमडी टाइप कर, काळी खिडकी उघडेल. तिच्यात आयपीकॉन्फिग लिहून एंटर मार. ओळी बऱ्याच येतील, तू ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ एवढ्याच बघ. लॅपटॉपवर वायरचा एक गट आणि वायफायचा एक गट दिसेल. ज्या गटात गेटवेपुढे आकडा आहे, तो चालू. सगळ्यांचे आकडे एका पानावर एकाखाली एक लिही आणि मग शांतपणे बघ.

एखाद्याचा आकडा १६९.२५४ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, विंडोजने स्वतःच कसाबसा एक घेतलाय. तिथे सेटिंग चाळत बसू नकोस, वायर बघ. पिनची ती इवलीशी प्लास्टिकची जिभली तुटली की वायर खोचलेली दिसते, पण टेकलेली नसते. खोचल्यावर ‘टिक’ आवाज आला पाहिजे आणि स्विचवर त्या भोकाचा दिवा लुकलुकला पाहिजे.

आणि आकडा १९२.१६८ने सुरू होत असेल तर तिसरा गट जुळवून बघ. तुमच्यासारख्या छोट्या ऑफिसात पहिले तीन गट सगळ्यांचे सारखेच हवेत, शेवटचा मात्र प्रत्येकाचा वेगळा. माझा संशय खरं तर इथेच आहे. तू बोलता बोलता म्हणालीस की गेल्या आठवड्यात फायबरवाला येऊन राउटर बदलून गेला. हे तू अगदी शेवटी सांगितलंस, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं. समजा जुना राउटर १९२.१६८.१ची मालिका वाटायचा आणि नवा १९२.१६८.०ची वाटतो. नवा कॉम्प्युटर नव्या मालिकेत गेला. सर्व्हरला मात्र कुणीतरी कधीकाळी १९२.१६८.१.१० असा पत्ता हाताने घालून ठेवला असेल, तर तो बिचारा जुन्याच मालिकेत बसून आहे. दोघेही चालू, दोघांचेही दिवे लागलेले, आणि एकमेकांशी बोलणं नाही. ताडून बघायचं असेल तर सर्व्हरवर ब्राउझर उघड. नेट बंद असेल तर हेच झालंय. त्या कॉम्प्युटरवर कोणी काही बघत नाही, म्हणून इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नसेल.

यावर उपाय असा: सर्व्हरच्या सेटिंगमध्ये इथरनेट उघडून आयपी असाइनमेंट ‘ऑटोमॅटिक’ कर, तो नव्या मालिकेतला पत्ता घेईल. पण तिथेच थांबू नकोस. राउटरच्या पानावर ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ असतं, त्यात हा पत्ता सर्व्हरच्या नावावर कायमचा राखून ठेव. नाहीतर एखाद्या दिवशी लाइट जाऊन आली की राउटर त्याला दुसराच पत्ता देईल आणि तू पुन्हा मला फोन करशील.

दोन राउटर असतील तर अजून एक गंमत होते. फायबरवाल्याचा एक आणि आपण आधी घेतलेला एक, असे अनेकांकडे असतात. जुन्याच्या डब्ल्यूएएन लिहिलेल्या भोकात नव्याची वायर खोचलेली असली की जुना आपली वेगळी गल्ली करून बसतो. मग वायरवरचे कॉम्प्युटर एका गल्लीत आणि नव्याच्या वायफायवरचा तुझा लॅपटॉप दुसऱ्या. जुन्या राउटरला सेटिंगमधून ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’वर टाक, की सगळे एका गल्लीत येतील. आणि लॅपटॉप गेस्ट वायफायवर जोडलेला नाही ना, तेही बघ. ते वायफाय पाहुण्यांना घरात शिरू न देण्यासाठीच असतं.

आता तुझ्या त्या स्विचविषयी. आखाजीला आले होते तेव्हाच मनात आलं होतं, पण जेवणं व्हायची होती, राहून गेलं. माळ्याखालच्या लाकडी खोक्यात, दार लावून ठेवलायस तो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, वर पत्रा तापलेला, आत वाऱ्याला वाट नाही. असा स्विच दुपारी आचके द्यायला लागतो आणि संध्याकाळी आपोआप बरा होतो. ‘दुपारी दिसत नाही, सकाळी दिसतो’ अशी तक्रार कोणी केली की मी आधी स्विचला हात लावून बघते. खोक्याचं दार काढून टाक. दुसरं म्हणजे कॉम्प्युटर यूपीएसवर आहेत आणि स्विच-राउटर भिंतीतल्या साध्या बोर्डावर. लाइट गेली की कॉम्प्युटर चालूच राहतात, पण मधला स्विच मेलेला, मग सगळे एकदम गायब. ते दोन्ही यूपीएसवर घे, वीज अगदीच थोडी खातात. स्विच बदलायचाच झाला तर माझ्याकडे येशील तेव्हा गोलाणी मार्केटातून घेऊ, साधा आठ भोकांचा पुरे.

सर्व्हर झोपी जात नाही ना, हेही बघ. आपण त्याला सर्व्हर म्हणतो, पण आहे तो साधाच कॉम्प्युटर. अर्धा तास कोणी हात लावला नाही की गुडूप. पॉवरच्या सेटिंगमध्ये ‘स्लीप’ला ‘नेव्हर’ कर. स्क्रीन बंद झाली तर होऊ दे.

आकडे जुळले? आता खरी परीक्षा. नव्या कॉम्प्युटरवर पुन्हा विंडोजचं बटण आणि आर. तिथे दोन उलट्या तिरक्या रेघा काढ आणि लागूनच सर्व्हरचा आकडा लिही. एंटर मार. फोल्डर उघडलं, किंवा नाव-पासवर्ड विचारला, तर समज की वाट मोकळी आहे. ‘नेटवर्क’वर क्लिक केल्यावर जी चित्रं दिसतात, त्या यादीवर फार विसंबू नकोस. दारावर पाटी नसली तरी पत्ता बरोबर असला की पोस्टमन कागद आणून देतोच. यादीत नाव न दिसताही रोजचं काम बिनबोभाट चालतं. तेव्हा ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ करून त्या फोल्डरला टी अक्षर दे, टॅलीला तो रस्ता दाखव आणि कामाला लाग. यादीत नाव दिसावंच असा हट्ट असेल तर सर्व्हिसेसच्या पानावर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ नावाची सेवा सर्व्हरवर सुरू करून ठेव. आपण इथे आहोत हे बाकीच्यांना कळवायचं काम ती करते, आणि बऱ्याचदा ती बंदच पडलेली असते.

पिंग करून बघ असं कोणी म्हणेल. पिंगला उत्तर आलं तर उत्तमच. नाही आलं तर मात्र सर्व्हर मेला असं धरू नकोस, विंडोजची फायरवॉल पिंगला गप्प बसवते आणि बाकीचं चालू ठेवते असंही होतं.

फोल्डर उघडलंच नाही, ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ म्हणत राहिलं, तर बहुधा पब्लिक-प्रायव्हेटचं लफडं. राउटर बदलला की विंडोजला वाटतं आपण नव्याच जागी आलोय, आणि नव्या जागी ते स्वतःला ‘पब्लिक’ समजतं, म्हणजे एसटी स्टँडवरच्या फुकट वायफायसारखी परकी जागा. तिथे ते कोणाला दिसत नाही आणि कोणाला आत घेत नाही. दोन्ही कॉम्प्युटरवर सेटिंग उघड, नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात इथरनेट, आणि ‘प्रायव्हेट नेटवर्क’वर ठिपका दे. मग अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंगमध्ये प्रायव्हेटच्या खाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग दोन्ही चालू. आणि सर्व्हरवर पब्लिक असेल तर नुसतं नव्या कॉम्प्युटरवर बदलून भागत नाही. जो दिसायला हवा, त्याचंच दार आधी उघडावं लागतं. इतकं करूनही अडलं तर सर्व्हरवरच्या अँटिव्हायरसची स्वतःची वेगळी फायरवॉल असते का बघ, तिच्यातही आपलं नेटवर्क घरचं आहे हे सांगावं लागतं.

पासवर्ड विचारला तर तिथे भले भले अडकतात. तू सकाळी कॉम्प्युटर उघडताना चार आकडे टाकतेस ना, तो पिन. तो त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही, तिथे खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. आणि सर्व्हरच्या खात्याला पासवर्डच ठेवलेला नसेल, तर विंडोज रिकाम्या पासवर्डाने नेटवर्कवरून कोणालाही आत सोडत नाही. नुसतं एंटर मारत बसशील आणि ते नाही म्हणत बसेल. मी काय करते सांगू? सर्व्हरवर एक वेगळंच साधं खातं काढते, अ‍ॅडमिनचे अधिकार न देता. त्याला दणकट पासवर्ड, आणि टॅलीच्या फोल्डरवर फक्त त्या खात्याला हक्क, शेअरिंगच्या पानावरही आणि सिक्युरिटीच्या पानावरही. नव्या कॉम्प्युटरवर नाव टाकताना आधी सर्व्हरचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग खात्याचं नाव. ‘लक्षात ठेव’वर टिक कर. पूर्वी कधी चुकीचा पासवर्ड साठवलेला असेल तर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन तो आधी पुसून टाक, नाहीतर यंत्र न विचारता तोच पुढे करत राहतं.

‘पण जुन्या दोन कॉम्प्युटरांना तर कधी पासवर्ड लागला नाही!’ बरोबर आहे. कुणीतरी कधीतरी ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करून, ‘एव्हरीवन’ला सगळे हक्क देऊन ठेवलेत. म्हणजे सगळे पाहुणे म्हणून आत शिरत होते. तुझ्या नव्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ प्रो आहे, आणि २०२४च्या शरदात आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो विंडोज असं पाहुणा म्हणून जायला नकार देतं. प्रत्येक निरोपावर सही हवी असाही तिचा आग्रह असतो. म्हणून जुने जातात आणि नवा अडतो. नवा बिघडलेला नाही, तो नियमाने वागतोय.

आणखी एक विचारून घे. नवा कॉम्प्युटर देताना दुकानदाराने जुन्याच डिस्कची नक्कल तर उतरवली नाही ना? वेळ वाचवायला करतात तसं. मग दोघांची आतली ओळख एकच होते. पूर्वी ते खपून जायचं, २०२५च्या उत्तरार्धातल्या अपडेटपासून विंडोज अशा जुळ्यांना एकमेकांकडे लॉगिन करू देत नाही. तसं निघालं तर मात्र विंडोज पुन्हा टाकून घे, पण दुकानदाराकडून आणि फुकट.

आता जे सांगणार आहे ते नीट ऐक. हार्डवेअरवाला आला की तो तीन गोष्टी करू बघेल: फायरवॉल बंद, पाहुण्यांना पुन्हा परवानगी, आणि ‘एसएमबी वन’ चालू. तिन्हींनी काम पटकन होतं, हे मी नाकारत नाही. पण एसएमबी वन ही फाइल देण्याघेण्याची फार जुनी पद्धत आहे. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस तिच्यातल्याच एका भोकातून जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टने भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच दिलं होतं, ज्यांनी टाकलं नव्हतं ते सापडले. त्याच वर्षाच्या शेवटी-शेवटी विंडोज १०च्या नव्या आवृत्तीतून एसएमबी वन आपसूक येणं बंद झालं.

आणि वॉनाक्रायनंतर दीडेक महिन्यात, २७ जून २०१७ला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला. तुझ्यासारख्या टॅक्सवालीने तर हा विसरूच नये, कारण तो शिरला युक्रेनमधल्या कर आणि हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. एकदा एका कॉम्प्युटरवर बसला की तेच जुनं भोक आणि मेमरीतून चोरलेले पासवर्ड वापरून तो लॅनवरच्या बाकीच्यांवर उडी मारायचा. मर्स्कसारखी जहाज कंपनी आडवी झाली. तिच्या गटाकडे असलेलं आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनलही अडकलं, कंटेनरची कामं हाताने करायची वेळ आली. मर्स्कने पुढे २५ ते ३० कोटी डॉलर नुकसानीचा अंदाज दिला. आपल्या रावेर-सावद्याची केळी ज्या बंदरातून आखातात जातात, ते बंदर गं हे. तेव्हापासून विंडोज जे एकेक दार लावत आलंय, ते तुला त्रास द्यायला लावत नाहीये. तुझ्या त्या फोल्डरात किती व्यापाऱ्यांची खाती आहेत, पॅन आहेत, कोणाची उधारी कोणाकडे आहे, हे तुलाच ठाऊक. एक दार उघड, किल्ली आपल्या हातात ठेव. सगळ्या भिंती पाडून घेऊ नकोस. आणि रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेव, लावून ठेवलेली डिस्क अशा वेळी बाकीच्यांबरोबरच जाते.

कोपऱ्यातल्या त्या जुन्याचंही एकदा बघावं लागेल. त्याच्यावर विंडोज १० आहे, आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. सगळ्यांचा डेटा सांभाळणारा तोच, आणि आजारी पडला तर औषध नसलेलाही तोच. पैशांची सोय झाली की नवा कॉम्प्युटर त्या जागी बसव आणि जुना नुसत्या टायपिंगला ठेव. उलट करतात बहुतेक जण. नवा मालकाच्या टेबलावर आणि म्हातारा सर्व्हर.

प्रिंटरचं राहिलंच. तो सर्व्हरला यूएसबीने जोडून शेअर केलाय तुम्ही. २०२१मध्ये विंडोजच्या छपाईच्या यंत्रणेत मोठं भगदाड सापडलं, त्याला प्रिंटनाइटमेअर म्हणतात. ते बुजवताना आलेल्या अपडेटांनी असे शेअर केलेले प्रिंटर ठिकठिकाणी बंद पाडले. शेवटी ‘११बी’ असलेला एरर दिसला तर तो त्याच घरचा. रजिस्ट्रीत खाडाखोड करून तो घालवता येतो, पण मी घालवत नाही. प्रिंटरच्या पाठीमागे लॅनच्या वायरचं भोक आहे का बघ. असेल तर यूएसबी काढ, वायर थेट स्विचला लाव, त्याचाही पत्ता राउटरमध्ये राखून ठेव. मग सर्व्हर बंद असला तरी रविवारी रिटर्न छापता येईल. हार्डवेअरवाल्याला बोलवायचंच असेल तर या कामाला बोलाव, वायर ओढून दोन्ही टोकांना नव्या पिना मारून देईल. त्यात त्याचा हात चांगला बसलेला असतो, माझा नाही.

आकडे लिहून झाले की त्या पानाचा फोटो पाठव मला. पासवर्ड दुसऱ्या पानावर लिही, आणि त्याचा फोटो मलासुद्धा नको.